दाहाची जनुकं आणि हृदयविकाराचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. हल्ली रक्ताच्या रिपोर्टांबरोबर लोक डीएनए रिपोर्टही घेऊन येतात. घरात कुणाला तरी पन्नाशीच्या आत ॲटॅक आलेला असतो. मुलाने किंवा सुनेने ऑनलाइन किट मागवून नळीत लाळ भरून पाठवलेली असते. जाडजूड रिपोर्ट येतो, त्यात 'इन्फ्लेमेशन' या मथळ्याखाली एक लाल गोळा असतो आणि त्या गोळ्याने झोप उडते. खालचे प्रश्न अशाच माणसांचे आहेत. ही उत्तरं वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, हे मात्र नक्की ठरवा.

मला कोलेस्टेरॉल माहीत होतं. हा दाह मध्येच कुठून आला?

सुरुवात कोलेस्टेरॉलपासूनच होते. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. हे चालू असताना त्या इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडतात आणि आणखी पेशींना बोलावून घेतात. यालाच धमनीतला दाह म्हणायचं. वर्षानुवर्षं हे चाललं की भिंतीत चरबीचा थर साठतो आणि दाहामुळे त्या थरावरचं आवरण पातळ होत जातं. ते फाटलं की तिथे गुठळी होते आणि वाट बंद झाली की ॲटॅक येतो. 'महिन्यापूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, मग असं कसं झालं?' असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा यातच असतं. थर लहान होता, पण त्यावरचं आवरण कच्चं झालेलं होतं.

जनुकात बदल आहे म्हणजे आजार आहे का?

नाही. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यातलं एखादं अक्षर माणसामाणसांत वेगळं असतं, आणि असे लाखो फरक तुमच्या-माझ्यात आहेत. हृदयाच्या धमन्यांच्या आजाराशी नातं असलेली २०० हून जास्त ठिकाणं आजवर सापडली आहेत. त्यांतल्या एकेकाचा परिणाम इतका थोडा असतो की एकट्यावरून कुणाचंही भवितव्य सांगता येत नाही. सगळ्यांत पक्कं ठिकाण २००७ साली सापडलं, ९पी२१ नावाचं. त्याचा कोलेस्टेरॉलशी किंवा रक्तदाबाशी संबंध नाही, आणि जोखमीच्या बदलाची एक प्रत असली की धोका साधारण १५ ते २५ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात असते. मूळ धोका शंभरात चार असेल तर तो पाचाच्या आसपास जातो.

एकाच जनुकाने मोठा फरक पडतो असे प्रकारही आहेत, उदाहरणार्थ आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो आणि त्यात एलडीएल तरुणपणापासूनच १९० च्या वर असतं. तो दाहाच्या जनुकांचा भाग नाही, पण लाल गोळ्याच्या काळजीत अनेकदा तोच नजरेतून सुटतो.

माझ्या रिपोर्टात सीआरपीच्या जनुकात 'जोखमीचा' बदल लिहिलाय. ॲटॅकचा धोका वाढला का?

या बदलामुळे धोका वाढत नाही. हे ठामपणे सांगता येतं, कारण नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी फार मेहनतीने तपासला आहे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. अंगात कुठेही दाह असला की रक्तात वाढतं. ज्यांचं सीआरपी सतत थोडं जास्त असतं त्यांना हृदयविकार जास्त होतो, हे अनेक देशांत दिसलं होतं. मग सीआरपीच धमन्या बिघडवतं का? इथे जनुकं कामाला आली. काही लोकांत जन्मापासूनच सीआरपी थोडं जास्त तयार होईल असा बदल असतो. तो त्यांना खाण्यापिण्यातून किंवा सिगारेटमधून आलेला नसतो, जन्मताच वाट्याला आलेला असतो. सीआरपी खरंच दोषी असेल, तर या लोकांना आयुष्यभरात जास्त ॲटॅक यायला हवेत. २०११ साली जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून हे पाहिलं गेलं. त्यांचं सीआरपी जास्त होतं, पण हृदयविकार जास्त नव्हता.

पावसात तलावपाळीवर छत्र्याच छत्र्या दिसतात, पण पाऊस काही छत्र्यांनी आणलेला नसतो. सीआरपीचं तसंच आहे. दाह चालू आहे एवढं ते सांगतं, त्यामुळे ते मोजणं उपयोगाचं आहे. पण सीआरपीच्या जनुकातला बदल तुमच्या धमन्यांबद्दल काहीच सांगत नाही. तो गोळा लाल छापणं मला चुकीचं वाटतं. लोक विनाकारण घाबरतात.

मग दाहाचं एकही जनुक कामाचं नाही का?

आहे, आणि त्याची हकीकत फार महत्त्वाची आहे. इंटरल्युकिन-६ पेशीला संदेश देतं ते तिच्यावरच्या एका ग्राहकामार्फत (म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनामार्फत, रिसेप्टर). या ग्राहकाच्या जनुकात एक बदल अनेक लोकांत आढळतो. रिपोर्टात तो आयएल६आर किंवा आरएस२२२८१४५ असा लिहिलेला असतो. त्यामुळे ग्राहक पेशीवरून लवकर सुटून रक्तात जातो, पेशीवर कमी उरतात आणि दाहाचा संदेश क्षीण पोहोचतो. २०१२ साली दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. या बदलाच्या दर प्रतीमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ३ ते ५ टक्क्यांनी कमी दिसला. सीआरपी आणि आयएल६आर दोन्ही दाहाशी जोडलेली जनुकं, पण धमनी बिघडवण्यात खरा हात इंटरल्युकिन-६ च्या साखळीचा आहे, हे यातून कळलं.

तुमच्याकडे ही प्रत आहे की नाही, यावर तुमच्या उपचारात काहीही बदलत नाही. पाच टक्क्यांचा फरक गोळी ठरवायला पुरत नाही. पण कोणत्या प्रथिनावर औषध शोधायचं हे अशा अभ्यासांनीच दाखवलं, आणि जनुकांच्या संशोधनाचा आजवरचा खरा लाभ मला हाच वाटतो. इंटरल्युकिन-६ ला अडवणारं झिल्टिवेकिमॅब नावाचं औषध त्यानंतर मोठ्या चाचणीत उतरवलं गेलं.

जनुकांचा कौल दर वेळी इतका सरळ मिळतो असंही नाही. इंटरल्युकिन-१ ला जन्मापासून थोडं अडवणारे बदल २०१५ साली तपासले गेले. त्यात दाह कमी निघाला, पण हृदयविकाराचा धोका उलट किंचित वाढलेला दिसला. शरीरात एक बटण दाबलं की दुसरीकडेही हालचाल होते, म्हणून शेवटचा निर्णय औषधांच्या चाचण्यांवरच होतो.

दाह कमी केल्याने ॲटॅक टळतो, हे सिद्ध झालंय का?

हो. २०१७ साली कँटॉस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. आधी ॲटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी (सीआरपी बारकाईने मोजणारी तपासणी) २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन दिलं, ते इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं. कोलेस्टेरॉलला हात न लावता १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयासाठी ते औषध मंजूर झालं नाही.

संधिवातात वापरतात त्या मेथोट्रेक्सेटची कमी मात्राही तपासली गेली, तिचा उपयोग झाला नाही. म्हणजे कुठलाही दाह कसाही कमी करून भागत नाही, नेमकी साखळी तोडावी लागते.

मग आलं कोल्चिसिन, गाऊटचं (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराचं) जुनं आणि स्वस्त औषध. दिवसाला ०.५ मिलिग्रॅम देऊन २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत अनुक्रमे २३ आणि ३१ टक्के घट दिसली. २०२३ साली अमेरिकेने ते हृदयासाठी मंजूर केलं. २०२४ साली ॲटॅकनंतर लगेच दिलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन घातक ठरू शकतं.

पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावीची फुलं दिसतात. त्या वेलीतही कोल्चिसिन असतं, सगळ्यांत जास्त विषारी तिचा कंद. 'नैसर्गिक औषध' म्हणून तिचा कुठलाही भाग पोटात घेऊ नका. यात माणसं दगावतात.

रिपोर्टात टीएनएफ-अल्फा ३०८, आयएल-६ १७४, एलटीए अशीही नावं आहेत. त्यांचं काय?

ही जुन्या काळातली नावं आहेत. १९९० च्या दशकात आणि २००० नंतरच्या काही वर्षांत, दोनशे-तीनशे रुग्ण घेऊन एकेका जनुकाचे अभ्यास व्हायचे. एका शहरात धोका दिसायचा, दुसऱ्या शहरात नाहीसा व्हायचा. हजारो, पुढे लाखो लोकांचे अभ्यास झाले तेव्हा यातली बहुतेक नाती टिकली नाहीत. रिपोर्टातल्या जनुकांच्या यादीत, म्हणजे पॅनेलमध्ये, ती अजून छापली जातात. त्यावर पैसे आणि काळजी दोन्ही खर्च करू नका.

आपल्या लोकांत ॲटॅक लवकर येतो. त्यामागे आपलीच जनुकं असतील ना?

लवकर येतो हे खरं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात, २००४ साली, दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या ॲटॅकचं मधलं वय ५३ निघालं, इतरांचं ५९ च्या आसपास. पण त्याच अभ्यासात जगभरच्या ॲटॅकचा सुमारे ९० टक्के भार नऊ गोष्टींवर पडला: तंबाखू, बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्या कमी, व्यायाम नाही, आणि दारूच्या सवयी. आपल्याकडे यातल्या काही गोष्टी कमी वयात सुरू होतात.

जनुकांचे गुण देणारे बहुतेक स्कोअर युरोपीय वंशाच्या लोकांवर तयार झाले आहेत, भारतीयांत त्यांचा अंदाज तितका नेमका बसत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकांचं वाचन झालं आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. त्यातून आपल्यासाठीचे स्कोअर सुधारतील अशी मला खरी आशा आहे.

काही रिपोर्टांत एमवायबीपीसी३ हे नाव असतं. दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत त्यातला एक तुकडा गळालेला असतो. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या सहभागाने हे समोर आलं. त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी आहे, ब्लॉकेजशी नाही, आणि तो बदल असलेली पुष्कळ माणसं ठणठणीत असतात. रिपोर्टात हे नाव असेल तर एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

आनुवंशिक धोक्यासाठी एकच तपासणी करायची तर कोणती?

लायपोप्रोटीन-ए. इथे मी जरा आग्रह धरते.

हा एलडीएलसारखाच कण, त्याला एक जास्तीचं प्रथिन चिकटलेलं असतं. त्याची रक्तातली पातळी बहुतांशी एलपीए या एकाच जनुकावर ठरते. हा कण चरबी तर नेतोच, शिवाय ऑक्सिडीकृत फॉस्फोलिपिड वाहून नेतो आणि ते धमनीत दाह भडकवतात. दाह, जनुक आणि हृदय यांची गाठ सगळ्यांत पक्की कुठे पडत असेल तर इथे. दक्षिण आशियाई लोकांत जास्त पातळी बऱ्यापैकी आढळते. डीएनए वाचायची गरज नाही, साध्या रक्त तपासणीत कळतं, आणि बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला समजतात. आहार-व्यायामाने हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून डॉक्टर एलडीएल, रक्तदाब, साखर जास्त काटेकोरपणे खाली आणतात. आकडा जास्त आला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी मागावी लागते.

एचएस-सीआरपी कधी करावं? ऑगस्टमध्ये माझं १४ आलं, मी फार घाबरलो.

ताप येऊन गेला होता का, हा माझा पहिला प्रश्न असतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, लेप्टो, साधा व्हायरल, सगळंच चालू असतं. दात सुजला, घसा धरला, पायाला जखम झाली तरी सीआरपी वर जातं. १० च्या वरचा आकडा हृदयासाठी धरायचाच नाही. बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असं ढोबळ मानतात. साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी वेगळ्या तपासण्या आहेत. चिठ्ठीवर 'एचएस' आहे ना, हे रक्त देण्याआधी बघा. पोटाचा घेर, सिगारेट आणि हिरड्यांचा आजार यांनी आकडा कायमच वर राहतो, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांकडे जाणं हाही यातलाच भाग आहे.

वय वाढल्यावर जनुकं बदलतात का?

काही पेशींत बदलतात. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत उतारवयात नवा बदल होतो आणि तिचीच पिलावळ वाढत जाते. डीएनएमटी३ए, टीईटी२, एएसएक्सएल१, जेएके२ या जनुकांत हे जास्त दिसतं. सत्तरीनंतर दहातल्या एकाच्या आसपास माणसांत असं आढळतं. या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ जास्त सोडतात, आणि २०१७ च्या अभ्यासात अशा लोकांना हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट दिसला. हा बदल आईवडिलांकडून येत नाही, मुलांना जात नाही आणि लाळेच्या किटमध्ये नीट कळत नाही. सध्या तरी यासाठी सरसकट तपासणी करायची गरज नाही.

मला संधिवात आहे. धोका जास्त का?

हो, साधारण दीडपट धरतात. सोरायसिस आणि ल्युपसमध्येही वाढतो. सांध्यांच्या डॉक्टरांना हृदयाबद्दल आणि हृदयाच्या डॉक्टरांना सांध्यांबद्दल सांगा. बायका सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं फक्त वेदनाशामक गोळ्या घेत राहतात. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या हृदयाला त्रासदायक असतात.

रोज हळदीचं दूध घेतलं तर दाह कमी होईल?

जेवणात हळद जरूर खा. तिच्याने ॲटॅक टळतो हे कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. मिऱ्याचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, त्या टाळा.

जनुकंच वाईट असतील तर चालून-फिरून काय होणार?

बरंच होतं. २०१६ साली पंचावन्न हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि चांगला आहार या चारपैकी तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका ४६ टक्क्यांनी कमी होता.

तंबाखूच्या बाबतीत सिगारेटपुरतं थांबू नका. तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्रीही त्यातच. आपल्या कित्येक मावश्या आणि आज्या सकाळी मिश्री लावतात आणि 'मी तंबाखू खात नाही' असं मनापासून सांगतात. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही ॲटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला आहे.

हवेतल्या बारीक धुळीनेही दाह वाढतो. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर ट्रकांच्या रांगेशेजारून चालण्यापेक्षा उपवनला किंवा नवी मुंबईत असाल तर सागर विहारच्या बाजूला जा.

'जेनेटिक' लिहिलं की मेडिक्लेम नाकारतात का?

फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाच्या स्नायूच्या आजाराच्या एका प्रकरणात, जनुकीय आजार म्हणून सरसकट दावा नाकारणं अयोग्य ठरवलं. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने विमा कंपन्यांना केवळ या कारणावरून दावे नाकारू नका असं कळवलं. पॉलिसी घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र खरीच द्या. आणि किट मागवताना तुमची माहिती कुणाला दिली जाणार आहे, हे संमतीपत्रात वाचा. तो कागद कुणी वाचत नाही.

माझा रिपोर्ट सगळा हिरवा आहे. स्टॅटिन बंद करू का?

कृपा करून करू नका. लाल गोळ्यापेक्षा मला या हिरव्या गोळ्याची भीती जास्त वाटते. एकदा घोडबंदरकडचे एक गृहस्थ रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाले, 'मॅडम, सगळं ग्रीन आहे, गोळी सोडली.' वडिलांची बायपास झालेली, स्वतःला मधुमेह, आणि त्याच सकाळी आमच्याकडे काढलेल्या रक्तात एलडीएल १६८. त्या हिरव्या पानावर यातलं काहीच नव्हतं, कारण पॅनेलने दाहाची मोजकी जनुकं पाहिली होती. त्यांना तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

स्टॅटिन कोलेस्टेरॉलबरोबर दाहही उतरवतात. २००८ सालच्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेले १७,८०२ लोक होते. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनने त्यांच्यातले ॲटॅक, पक्षाघात आणि संबंधित घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. त्या लोकांना ही गोळी द्यायला कुणाचीही जनुकं वाचावी लागली नव्हती.

डॉक्टरांकडे जाताना काय काय न्यायचं?

डीएनए रिपोर्ट न्या, पण फायलीत सगळ्यात खाली ठेवा. वर एक साधा कागद ठेवा. आई, वडील, सख्खी भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कुणाला ॲटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा झोपेतच अचानक मृत्यू, आणि तेव्हा वय किती, हे त्यावर लिहा. पुरुषांत ५५ च्या आत आणि बायकांत ६५ च्या आत घडलं असेल तर त्या नावाखाली रेघ ओढा. गावाकडच्या मंडळींना फोन करून विचारा, कारण 'तो असाच गेला' म्हणून सांगितलेल्या गोष्टीत बऱ्याचदा हृदयच असतं. त्याखाली लिपिड प्रोफाइल, लायपोप्रोटीन-ए, एचबीए१सी, क्रिएटिनिन, घरी मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप ठेवा. आयुर्वेदिक पुड्या, होमिओपॅथीच्या बाटल्या आणि जिममधली पावडरही त्यात आली.